सातव्या टाक्याच्या पुढे

शनिवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मामा ड्रेसिंग करत होते. ट्रेच्या जागी उकळून घेतलेलं स्टीलचं ताट होतं. ताटात डावीकडे चिमटा, मध्ये गॉजच्या चार घड्या, उजवीकडे सलाईनची बाटली, आणि काठाला आधीच कापून लावलेले चिकटपट्टीचे सहा तुकडे. दवाखान्यातला ट्रे ते गेली एकतीस वर्षं याच क्रमानं मांडत आले होते. फरक एवढाच, की या वेळी जखम त्यांची स्वतःची होती, आणि ती दिसावी म्हणून दाढीचा आरसा मांडीला टेकवून धरावा लागत होता.

जखम उजव्या जांघेत, कमरेच्या हाडाकडून आत आणि खाली उतरत गेलेली. लांबी सात सेंटिमीटर, टाके नऊ. सोमवारी हर्नियाचं ऑपरेशन झालं, बुधवारी घरी सोडलं, आज पाचवा दिवस. पोटाच्या भिंतीत जिथं कमजोर जागा होती तिथं डॉक्टरांनी बारीक धाग्यांची जाळी शिवली होती. ही जाळी जन्मभर आत राहते. वरच्या वर पू झाला तर धुऊन काढता येतो, पण तो जाळीपर्यंत उतरला की बहुतेक वेळा जाळीच काढावी लागते. म्हणजे दुसरं ऑपरेशन, पहिल्यापेक्षा मोठं, आणि भिंत पुन्हा उघडी. जाळी काढलेली माणसं मामांनी स्वतःच्या टेबलावर पाहिली होती. तीन दिवस त्यांच्या डोक्यात दुसरा विचार नव्हता.

मामांचं वय सत्तावन्न. दवाखान्यात जखमांच्या पट्ट्या करणाऱ्या ड्रेसरला मामा म्हणायची पद्धत आहे, म्हणून मोठ्या सर्जनपासून लिफ्टवाल्यापर्यंत ते सगळ्यांचे मामा. रक्ताच्या नात्यानं मामा म्हणणारे भाचे दोनच, आणि दोघंही परदेशात. मामांनी लग्न केलं नाही. आई होती तोवर घरात दुसरं माणूस होतं; चार वर्षांपूर्वी ती गेली आणि तिची खाट भिंतीला उभी करून ठेवली गेली, ती तशीच आहे.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, लिफ्ट नाही. डॉक्टरांनी तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही म्हणून बजावलं होतं. भरलेली बादली पंधरा किलोची. मामांनी रिकामी बादली मोरीत स्टुलावर ठेवली आणि मगानं भरली. अठ्ठावीस मग लागले. खाली पडलेला टॉवेल बुधवारपासून खालीच होता. खोकला आला की घडी केलेली उशी जखमेवर दाबून धरायची, ही युक्ती त्यांनी शेकडो जणांना शिकवली होती. रात्री उशीवरचा हात सुटायचा आणि खोकला आधी यायचा.

दवाखान्यातून सोडताना भरायच्या फॉर्मवर एक रकाना असतो: घरी काळजी घेणारी व्यक्ती. मामांनी तिथं 'बहीण' असं लिहिलं होतं. बहीण होती, खोटं काहीच नव्हतं. ती बसनं सहा तासांवर राहायची आणि तिचे गुडघे गेलेले होते. ती रोज फोन करायची.

"जेवलास का?" अक्का विचारायची.

"जेवलो. खालच्या शिंप्याची बायको डबा पाठवते."

"देव भलं करो तिचं. काय होतं डब्यात?"

"असतं सगळं. चांगलं असतं."

शिंप्याची बायको मामांना जिन्यात भेटली तर मान हलवायची. ओळख तेवढीच होती.

दुखणं कमी करायच्या गोळ्या मामांनी बुधवारी रात्रीच बंद केल्या होत्या. आळस म्हणून नव्हे, भीती म्हणूनही नव्हे. त्यामागे एकतीस वर्षांचा हिशोब होता. टेबलावर आडव्या झालेल्या माणसाला ते समजावून सांगत ते असं: कातडी कापली की त्या जागेत शरीर रसायनं सोडतं. रक्तवाहिन्या सैल होतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, जागा लाल आणि गरम होते. हीच रसायनं तिथल्या नसांची टोकं चढवून ठेवतात. एरवी जिला सदरा लागलेला कळतही नाही, ती कातडी सदऱ्यालाही बोंब मारते. पहिले दोन दिवस हे असंच चालायचं. तिसऱ्या दिवसापासून उतरायला पाहिजे. चौथ्या-पाचव्या दिवशी उतरायचं सोडून चढायला लागलं, तर आत काहीतरी शिजतंय, लगेच या. दुखणं हा पहारेकरी आहे, असं मामा म्हणायचे. स्वतःची वेळ आली तेव्हा पहारेकऱ्याला गोळी देऊन झोपवायचं त्यांना पटेना. चढलं तर चढलेलं कळलं पाहिजे.

दुसरी चूकही त्यांच्या धंद्यातलीच. पेशंटनं घरी पट्टी उचकटून पाहिली तर मामा त्याला फैलावर घ्यायचे. "जखम काय दूध आहे का, उतू जाईल म्हणून बघत बसायला?" स्वतःची पट्टी मात्र त्यांनी गुरुवारी, शुक्रवारी आणि आता शनिवारी, अशी तीनदा काढली होती.

गॉज चिकटलं होतं. मामांनी त्यावर सलाईन सोडलं आणि घड्याळाकडे पाहून चार मिनिटं थांबले. चिकटलेलं गॉज ओढायची त्यांची एक रीत होती. ऐन वेळेला ते पेशंटला विचारायचे, "तुमच्या घराला दारं किती हो? खिडक्या धरून सांगा." माणूस मनातल्या मनात घरभर फिरायला लागे, आणि तो मागच्या दारापाशी पोचेतो गॉज निघालेलं असे. मेंदूला दोन कामं एकदम दिली की दुखणं रांगेत मागं राहतं. औषधाइतकं नाही, पण गॉज काढण्यापुरतं पुरतं. गुरुवारी मामांनी हा प्रयोग स्वतःवर करून पाहिला होता. दारं दोन, खिडक्या तीन. पण चिमटा ज्याच्या हातात त्याला कुठल्या क्षणी ओढणार ते ठाऊकच असतं. काही उपयोग झाला नाही.

गॉज निघालं. आतल्या टोकाला रुपयाएवढा पिवळसर डाग होता. थोडं पाणी सुटतंच, मामा स्वतःशी म्हणाले. मग त्यांनी हात धुतले आणि जखमेच्या कडेनं बोट दाबत गेले, बाहेरून आत, जसं ते रोज पंचवीस जणांना करत. पहिल्या टाक्यापाशी चांगलंच दुखलं. चौथ्यापाशी कमी. सातव्याच्या पुढे दुखलंच नाही. आरशात ते टोक पोटाच्या घडीखाली अर्धं झाकलेलं होतं. मामांनी नवं गॉज ठेवलं, सहा तुकडे चिकटवले आणि वहीत लिहिलं: पाचवा दिवस, आतल्या बाजूला वेदना शून्य.

त्यांना बरं वाटलं. तीन रात्री मिळून सात तास झोप झाली होती, त्यामुळे फार बरं वाटलं नाही, पण वाटलं.

साडेनऊच्या सुमाराला फोन वाजला. ड्रेसिंग रूममधल्या मावशी होत्या. दवाखान्यातल्या आयाला मावशी म्हणतात. या मावशी एकोणीस वर्षं मामांच्या शेजारी ट्रे धरून उभ्या राहिल्या होत्या आणि त्या अवधीत दोघांचं एकदाही भांडणाशिवाय आठवडाभर पटलं नव्हतं.

"मामा, ते पाठीच्या गळवाचे आजोबा आलेत. नव्या सिस्टरला हात लावू देत नाहीत. म्हणतात, मामांना बोलवा."

"त्यांना म्हणावं, मामा मेले."

"म्हटलं. म्हणतात, मग मीही येतो त्यांच्या मागोमाग, पण हिला हात लावू देणार नाही."

"सलाईन कोमट करा. गार सलाईननं ते दचकतात. आणि आधी नातवाबद्दल विचारा."

"बरं. तुमचं कसं चाललंय?"

"झकास. बाहेरच्या टोकाला दुखतं अजून. आतल्या बाजूला काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे दुखत नाही. दाबलं तरी नाही."

मागे आजोबांचा आवाज येत होता.

"मामा, पाचव्या दिवशी?"

"मग? चांगलंच आहे की."

"दुखत नाही का कळत नाही?"

"एकच ते."

"तुम्हीच शिकाऊ पोरींना सांगता ना, साखरवाल्या पेशंटच्या पायाची जखम दुखत नसेल तर आधी घाबरा म्हणून? मला एकोणीस वर्षं तेच ऐकून कान किटले. कापूस लावून बघा." आणि त्यांनी फोन ठेवला, कारण आजोबा टेबलावरून उतरायला निघाले होते.

कापसाची परीक्षा सोपी असते. कापसाची वात करायची, पेशंटला डोळे मिटायला सांगायचं, आणि लागलं की 'लागलं' म्हणायला सांगायचं. नस शाबूत असेल तर माणूस लगेच बोलतो. कापली गेली असेल तर गप्प राहतो. मामांनी पट्टी पुन्हा सोडली, वात केली, डोळे मिटले आणि आतल्या टोकाला लावली. लागल्यासारखं वाटलं. जरा बाजूला लावली. तिथंही वाटलं. मग हात हवेतच ठेवून पाहिला, आणि त्या वेळीही, वात अजून टेकली नसताना, लागल्यासारखं वाटलं.

मामा डोळे उघडून बसून राहिले. आपला हात कुठं आहे हे आपल्याला डोळे मिटूनही कळतं, आणि मेंदू कातडीच्या वतीनं उत्तर देऊन मोकळा होतो. ही परीक्षा घ्यायला दुसरं माणूस लागतं. एवढ्या वर्षांत हे त्यांच्या लक्षात यायचं कारण पडलं नव्हतं. टेबलाशी नेहमी दोघं असत.

ते सदरा घालून निघाले. जिना उतरायला अकरा मिनिटं लागली. तळमजल्यावर शिंपी दुकानाच्या दारात कापड फाडत उभा होता.

"काय मामा, पोट शिवून आणलं म्हणे. किती टाके?"

"नऊ."

"नऊ? तेवढे तर आम्ही एका बटणाला घालतो."

"तुमचं बटण खोकत नाही," मामा म्हणाले आणि रिक्षाला हात केला. शिंप्यानं हसून पुन्हा कापडाला हात घातला.

ड्रेसिंग रूममध्ये आजोबा आटोपून गेले होते. मामा दारात थांबले, तेव्हा सिस्टर गोंधळून उभी राहिली. टेबलाच्या कुठल्या बाजूला जायचं हे तिला त्यांच्याकडूनच शिकायची सवय होती. मावशींनी नवा कागद अंथरला.

"चढा. उजव्या कुशीनं. लोकांना सांगता तसं."

मामा चढले आणि पाठीवर वळले. छताला ओलीचा एक जुना डाग होता, लांबट, मधे वाकलेला. एकतीस वर्षं त्या खोलीत काढूनही त्यांनी तो पाहिला नव्हता. पेशंटला तेवढाच दिसत असणार.

"डोळे मिटा," मावशी म्हणाल्या. "लागलं की सांगा."

"लागलं," मामा म्हणाले. ते बाहेरचं टोक होतं. "लागलं. लागलं. हं, लागलं."

मग काही वेळ काहीच झालं नाही. पंखा फिरत होता.

"पुढे चला ना," मामा म्हणाले. "थांबलात कशाला?"

"थांबले नाही," मावशी म्हणाल्या. "चार वेळा लावून झालं."

सिस्टर डॉक्टरांना बोलवायला गेली.

डॉक्टर मामांपेक्षा वीस वर्षांनी लहान होते. शिकाऊ असताना पट्टी बांधायला ते याच खोलीत शिकले होते. त्यांनी पोटाची घडी वर उचलली, सातव्या टाक्यापासूनची कातडी पाहिली, आणि दोन बोटांनी दाबली. आठव्या टाक्याखालून दाट पिवळा थेंब वर आला.

"दुखतंय?"

"नाही."

"तीच तर पंचाईत आहे. जांघेत एक बारीक नस असते, ऑपरेशनमध्ये ती ताणली जाते, कधी कापली जाते. तिच्या हद्दीतली कातडी मुकी होते. सहा महिन्यांत बऱ्याचदा सुधारते, कधी नाही. तुम्हाला हे मी सांगायला नको."

"नको," मामा म्हणाले.

"गोळ्या चालू आहेत ना?"

"बंद केल्या. दुखणं झाकलं जातं म्हणून."

"मामा, जिथं पू झाला तिथं दुखणं पोचतच नव्हतं. जिथं पोचत होतं तिथं जखम ठणठणीत आहे. तुम्ही चुकीच्या टोकाला पहारा दिलात. आणि झोप? तीन दिवसांत किती?"

"सात तास."

"दुखत राहिलं, झोप नाही, की शरीर सतत ताणाखाली. त्या ताणाची रसायनं जखम भरायच्या पेशींना मंद करतात. हेसुद्धा तुम्हीच लोकांना सांगता. पट्टी किती वेळा उघडली?"

"चारदा."

"त्यानं झालं असेल किंवा नसेल. आता ते ठरवता येणार नाही."

सातवा आणि आठवा टाका काढायचे ठरले. भुलीची सुई टोचताना मामांना काहीही कळलं नाही. डॉक्टरांनी तरीही ती दिली, कारण खालचे थर जागे असतात. ते खरंच होतं. कातडी उघडून खोली तपासायची सळई आत गेली तेव्हा ठणक खोलवरून आली आणि मामांनी टेबलाची कड धरली. सिस्टरनं दारं-खिडक्या काही विचारल्या नाहीत. "दुखेल," एवढंच म्हणाली, आणि ते दुखलं. मावशींनी मामांचं मनगट धरून ठेवलं होतं, ते त्यांनी हात हलवू नये म्हणून.

"खालचा पडदा शाबूत वाटतोय," डॉक्टर म्हणाले. "पू त्याच्या वरच आहे. जाळी पडद्याच्या खाली. म्हणजे आत्ता तरी वाचलीय. पू तपासायला पाठवतो. निकाल सोमवारी येईल. तोवर दर सहा तासांनी इंजेक्शन, दर चार तासांनी ताप. घरी बहीण आहे ना?"

"नाही."

"फॉर्मवर लिहिलंय."

"बहीण आहे. घरी नाही."

डॉक्टरांनी पेन उचललं. "मग घरी कोण आहे?"

मामांनी छताकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांनी स्वतः कितीतरी जणांना विचारला होता, आणि माणूस उत्तर द्यायला वेळ लावतोय असं दिसलं की ते ट्रे आवरायला लागत, त्याला सवड मिळावी म्हणून. इथं ट्रे आवरायला कुणी नव्हतं. मावशी त्यांच्याकडेच बघत होत्या.

"कुणी नाही," मामा म्हणाले.

"बरं," डॉक्टर म्हणाले आणि केसपेपरवर लिहिलं: दाखल करणे. "चौदा नंबरची खाट रिकामी आहे."

चौदा नंबर खिडकीपासून लांब, नळाजवळ. दुपारी दोन वाजता मामांनी तिथून स्वतःच बहिणीला फोन लावला. शेजारच्या खाटेवर कुणीतरी मोठ्यानं जांभई दिली.

"हा कसला आवाज?" अक्कानं विचारलं.

"वॉर्डात आहे. दोन टाके उघडले."

"जाळी?"

"आत्ता तरी ठीक आहे. सोमवारी कळेल."

"आणि डबा? तो कोण देत होतं?"

"कुणी नाही. मीच करत होतो."

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं. शिंप्याची बायको तुला तीन दिवस खाऊ घालते आणि तू एकदाही नावं ठेवत नाहीस? आईच्या हातचंही तू कधी धड खाल्लं नाहीस."

मामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी आले असते रे," अक्का म्हणाली. "पण तुझे तीन मजले मला चढवले नसते."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"हं," ती म्हणाली. मग कुणाच्या तरी बाजूनं लाईन तुटली.

जखम आता उघडी होती. अशी जखम शिवत नाहीत. ती तळापासून वर भरत येते. आधी लालसर, दाणेदार, चटकन रक्ताळणारं मांस. त्यात नव्या बारीक रक्तवाहिन्या. मग दोन्ही कडांची कातडी रोज थोडी थोडी सरकत मध्ये येते. मामांच्या अंदाजानं तीन आठवडे. त्यानंतर आतले धागे महिनोन् महिने पुन्हा पुन्हा विणले जातात. तीन महिन्यांनी जुन्या कातडीच्या साधारण पाऊणपट ताकद येते, आणि पूर्ण ताकद कधीच येत नाही. या माहितीचा पाचव्या दिवशी कुणालाच उपयोग नसतो, हे मामांना आजच कळलं.

चारच्या गोळ्या त्यांनी मुकाट्यानं घेतल्या. पाऊण तासानं पहिल्या टाक्याचा ठणका उतरला, खांदे सैल पडले, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी पोटापर्यंत श्वास घेतला. सातव्याच्या पुढे आधीसारखंच होतं. तिथून कसलीही खबर येत नव्हती, चांगली की वाईट. तिथं काय चाललंय ते दुसऱ्याच कुणाला तरी रोज उघडून, वाकून बघावं लागणार होतं.

सहाच्या सुमाराला मावशी घरी जायच्या आधी वॉर्डात डोकावल्या. हातात पिशवी होती. खाटेपाशी न येता दारातूनच म्हणाल्या, "पट्टी उचकटून बघू नका."

"नाही बघत."

"वहीत लिहू पण नका काही."

"वही घरी आहे."

मावशींनी मान हलवली आणि गेल्या. मामा पाय ताणून पडून राहिले. जेवणाची गाडी पलीकडच्या टोकाला लागली होती आणि तिची चाकं करकरत होती. समोरच्या खाटेवरच्या माणसाला भेटायला पाच जण आले होते, बसायला जागा नाही म्हणून त्यांतल्या एकानं विचारलं, "इथली खुर्ची घेऊ का?" मामा म्हणाले, "घ्या."

सिस्टरनं दुसऱ्या दिवशीची ड्रेसिंगची यादी दाराजवळच्या फळ्यावर लिहिली. उद्या रविवार. रविवारी फेरी साडेनऊला खाट क्रमांक एकपासून निघते, आणि चौदापर्यंत पोचायला अकरा वाजतात.